काकू, तुमच्या रजेचं काय?

प्रिय काकू,

हे पत्र कुणा एका काकूंना नाही. डोंबिवली, कल्याण, विरार, धायरी, पिंपळे सौदागर, नाशिकचं सिडको अशा ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या घराला ‘पाळणाघर’ अशी छोटी पाटी लावून, नाहीतर पाटी न लावताच, तुम्ही सकाळी सातला दार उघडता आणि संध्याकाळी साडेसातनंतरच ते लावू शकता. हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. मुलं तुम्हाला मावशी म्हणतात, आजी म्हणतात, ताई म्हणतात. माझी मुलगी काकू म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते.

तुमच्या कामाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: घरीच तर असतात त्या. हे मी जिन्यात ऐकलं आहे, सोसायटीच्या सभेत ऐकलं आहे, तुमच्याच नातेवाइकांच्या तोंडूनही ऐकलं आहे. या एका वाक्याने तुमची फी ठरते, सुट्ट्या ठरतात आणि सरकारी कागदावर तुमची नोंद होणार की नाही हेही ठरतं. म्हणून या पत्रात मी तुमच्या मायेबद्दल कमी आणि कामाबद्दल जास्त बोलणार आहे. माया मी पाहिली आहे, माझ्या घरात तिची फळं आहेत. पण मायेचं कौतुक झालं की पैशाचा, रजेचा, आजारपणाचा विषय निघतच नाही, असं मी वर्षानुवर्षं पाहते आहे.

तुमच्याकडे कोणत्या वयाची मुलं येतात, त्यापासून सुरुवात करते. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. फार चांगलं झालं. म्हणजे बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आई घरी. बालवाडी, नर्सरी मुलाला घेते ते तीन वर्षांचं झाल्यावर. मधल्या अडीच वर्षांची सोय कुणी केली? अंगणवाडीत या वयाच्या मुलाचं वजन होतं, लसीची चौकशी होते, घरी न्यायचा आहार मिळतो. दिवसभर सांभाळायची व्यवस्था बहुतेक ठिकाणी नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. त्याच धोरणातली शिक्षणाची पहिली पायरी मात्र तिसऱ्या वर्षापासून सुरू होते. त्याआधीचं मूल, जे पालथं पडायला, बसायला, उभं राहायला, बोलायला शिकतं, ते दिवसाचे दहा-अकरा तास तुमच्या मांडीवर असतं.

२०१७ च्या त्याच दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं केलं आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाजवळ जायची मुभा दिली. पण कापडाच्या दुकानात, पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये, पतपेढीत, वकिलाच्या ऑफिसात पन्नास माणसं कुठून असणार? आणि जिथे आहेत तिथेसुद्धा, सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये आठ महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन अंधेरीपर्यंत कोण नेईल? मुंबईसारख्या शहरात पाळणाघर हवं ते घराजवळ. ते गरजेचं ठिकाण कायद्याला सापडलं नाही, तुम्हाला सापडलं. आम्ही कामावर जाऊ शकलो त्याचं कारण हे.

आता तुमचा दिवस. तो तुम्हाला सांगायचा नाही. पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून लिहिते.

पहिलं मूल येतं ते बहुतेक नर्सबाईंचं, नाहीतर लांब गाडीने जाणाऱ्या आईचं. ते अर्धवट झोपेत असतं. तुमच्या घरातला चहा अजून व्हायचा असतो. नऊ वाजेपर्यंत हॉलमध्ये सहा मुलं, प्रत्येकाची वेगळी पिशवी, वेगळी बाटली, वेगळा डबा, वेगळी झोपेची वेळ. एकाला झोळीच लागते, एकाला पाठीवर थोपटावं लागतं, एकीला आईचा दुपट्टा नाकाशी धरल्याशिवाय डोळा लागत नाही. हे सगळं तुमच्या डोक्यात असतं, कुठे लिहिलेलं नसतं. कुणाला गाजर खाल्लं की पोट बिघडतं, कुणाला घरी दूध नको पण तुमच्याकडे चालतं, कोण नवीन आहे आणि अजून दारापाशीच उभं राहतं. सकाळी तापाचं औषध पाजून काही पालक मूल सोडतात. अकरा वाजता औषध उतरतं आणि ताप वर येतो. तुम्ही फोन करता, फोन मीटिंगमध्ये असतो. तोवर बाकीच्या पाचांना त्याच्यापासून लांब ठेवायचं कसं, त्या दीडशे चौरस फुटांच्या हॉलमध्ये?

पावसाळ्यात हात-पाय-तोंडाचे फोड आले की एकामागून एक सगळी मुलं आजारी पडतात आणि पाठोपाठ तुम्ही. मुलांसाठी पालक रजा काढतात. तुम्ही मास्क लावून उभ्या राहता.

शरीराबद्दल एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण ती कुणी लिहीत नाही. तुम्ही लघवी धरून ठेवता. रांगतं मूल हॉलमध्ये, दुसरं सोफ्यावर चढतंय, मदतीला बाई नाही. अशा वेळी दोन मिनिटं आत जायचं तरी कुणाच्या जिवावर? म्हणून पाणी कमी प्यायची सवय लागते. मग मूत्रमार्गाचा संसर्ग, जळजळ, ताप. बरं वाटलं की पुन्हा तेच. दहा-बारा किलोचं मूल दिवसातून कितीदा तरी जमिनीवरून उचलायचं, म्हणून कंबर धरते. खाली बसून भरवायचं, म्हणून गुडघे. कारखान्यातल्या कामगाराला हे झालं तर त्याला कामामुळे आलेलं दुखणं म्हणतात. तुम्हाला झालं तर डॉक्टरही ‘वय झालं आता’ म्हणून गोळ्या लिहून देतात. सतत ओझं उचलण्याने होणाऱ्या दुखण्याला ओझं कोणतं आहे याने फरक पडत नाही; हमालाच्या कमरेला जे होतं तेच तुमच्या कमरेला होतं.

आणि घर. हॉल मुलांचा झाला की तुमची दहावीतली मुलगी ओट्याशेजारी पाट टाकून अभ्यास करते. पाहुणे आठवड्याच्या दिवशी येऊ शकत नाहीत. सासूबाईंचं पथ्यपाणी, मुलांचा मऊ भात आणि घरातल्यांची भाजी-पोळी एकाच गॅसवर. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यासाठीची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं निघाली, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. तुमच्याबाबतीत ही मिनिटं मोजायची कशी? कुकरच्या एकाच भांड्यातला भात अर्धा कामाचा आणि अर्धा घरचा असतो. साडेसातला शेवटचं मूल गेलं की फरशी पुसून तुम्ही लगेच दुसऱ्या पाळीला लागता. आणि शेवटचं मूल साडेसातला जातं ते गाड्या वेळेवर असतील तर. पावसात रुळांवर पाणी साचलं की रात्री दहालाही ते तुमच्याकडेच असतं, जेवलेलं, झोपलेलं. त्या दिवशीचे जादा पैसे तुम्ही लावत नाही.

पैशाकडे वळते. एक हिशेब मांडते. भागाप्रमाणे आकडे बदलतील, रीत बदलणार नाही. धरा की सहा मुलं आहेत, प्रत्येकी महिना ५,००० रुपये. झाले ३०,०००. ऐकणारा म्हणतो, घरबसल्या तीस हजार! आता त्यातून मदतीच्या बाईंचे ८,००० काढा. दूध, फळं, साबण, जंतुनाशक, वाढलेलं विजेचं बिल, गॅस, फाटलेल्या गाद्या-खेळणी यांचे ५,००० काढा. उरले १७,०००. रोजचे निदान अकरा तास धरले, तरी महिन्याच्या २६ दिवसांचे २८६ तास. तासाला साठ रुपयेही पडत नाहीत. एका मुलामागे तासाला दहा रुपये. यात तुमच्या घराचं भाडं धरलेलं नाही, कारण घर तुमचंच आहे असं सगळे समजून चालतात. भाड्याच्या घरात पाळणाघर चालवणाऱ्या काकू मला माहीत आहेत, त्यांचं गणित मला मांडवतही नाही.

त्यात मे महिना. मुलं आजोळी जातात आणि फी बंद होते. दिवाळीत आठवडा गेला की काही घरं दिवस मोजून पैसे कापतात. मूल आजारी म्हणून पंधरा दिवस आलं नाही, तरी कापतात. तुम्ही मात्र ती जागा राखून ठेवलेली असते, दुसरं मूल घेतलेलं नसतं. शाळा मे महिन्याची फी सोडते का? क्लासवाले सोडतात का? घरमालक सोडतो का? तुमच्याकडून सोडण्याची अपेक्षा असते. तुम्ही कधी बोलून दाखवत नाही, कारण वाईटपणा आला तर मूल दुसरीकडे जाईल आणि त्या मुलात तुमचा जीव अडकलेला असतो. तुमची ही अडचण ओळखून पैसे कमी करून घेणारे पालक मी पाहिले आहेत. त्याला माझ्याकडे एकच शब्द आहे, अन्याय.

पण हेही तितक्याच खरेपणाने म्हणते की सगळे पालक पैसे असून हात आखडत नाहीत. खासगी दवाखान्यातली नर्स, दुकानातली सेल्सगर्ल, कंत्राटी शिक्षिका यांच्या पगारातून तुमचे पाच हजार गेले की प्रवास आणि किराण्याला काय उरतं, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. म्हणून तर तुम्ही त्यांच्याकडून चार हजारच घेता. एकीचा पगार कमी म्हणून दुसरीची फी कमी. दोघींच्या पर्स रिकाम्या करूनही हा हिशेब जुळत नाही, कारण त्यात तिसरा वाटेकरी गैरहजर आहे. ती आई कामावर गेली याचा फायदा तिच्या मालकाला झाला, सरकारला कर मिळाला, दवाखान्यातल्या रुग्णाला सेवा मिळाली. मूल सांभाळण्याचा खर्च मात्र दोन बायकांनी आपसात वाटून घ्यायचा, ही विभागणी मला मान्य नाही. फ्रान्समध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या बायकांना १९७७ च्या कायद्याने अधिकृत दर्जा मिळाला. त्यांना परवाना घ्यावा लागतो, प्रशिक्षण घ्यावं लागतं, पगारी सुट्टी मिळते. आणि पालकांच्या खर्चाचा मोठा वाटा तिथला कुटुंब-निधी उचलतो. म्हणजे पैसा फक्त आईच्या पर्समधून येत नाही. ही व्यवस्था आपल्याला जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण तिसरा वाटेकरी हवा, एवढं तरी तिथून शिकता येईल.

आता पत्राच्या नावाकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त टोचतो तो हा प्रश्न. तुम्ही आजारी पडलात तर काय?

आजचं उत्तर असं आहे की तुम्ही आजारी पडत नाही. म्हणजे पडता, पण दार उघडता. तुमच्या एका दिवसाच्या सुट्टीने सहा आयांच्या सहा रजा खर्च होतात, आणि त्यातल्या दोघींच्या नोकरीवर येऊ शकतं. हे ओझं तुम्ही जाणता म्हणून मोतीबिंदू पुढे ढकलता, पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन मुलांच्या सुट्टीपर्यंत थांबवता. भावाच्या मुलाच्या लग्नाला सकाळी जाऊन अक्षता पडल्या की परत फिरता. घरात कुणी गेलं तर दहाव्या-बाराव्यापर्यंत पाळणाघर बंद ठेवावं लागतं, आणि त्या दुःखातही तुम्हाला पालकांची माफी मागताना मी पाहिलं आहे. अंगणवाडीच्या ताईंनी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर संप केला, तो जानेवारीपर्यंत चालला. त्यांच्या मागण्या रास्त होत्या आणि संप करण्याचा हक्क त्यांनी वापरला. तुम्ही संप करू शकत नाही. तुमचा संप सरकारविरुद्ध होणारच नाही, तो समोरच्या दारातल्या नर्सविरुद्ध होईल. तुमच्या कामाचा सगळा पेच इथे आहे.

यावर उपाय नाही असं समजायचं कारण नाही. डेन्मार्कमध्ये नगरपालिका घरी मुलं सांभाळणाऱ्या बायकांना थेट नोकरीवर ठेवते. एकीकडे साधारण चार मुलं. ती आजारी पडली की तिची मुलं जवळच्या दुसऱ्या ठरलेल्या सांभाळणारीकडे जातात. मुलांना ती बाई परकी वाटू नये म्हणून आसपासच्या या बायका मुलांना घेऊन एरवीही नियमित एकत्र जमतात. मुलं एकमेकांना ओळखतात, बायकाही. मला या व्यवस्थेतलं आवडतं ते असं की बदलीची सोय मुलाच्या सवयीचा विचार करून केली आहे. आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्या मोठ्या माणसाशी बोलायला मिळतं, हा त्या बायकांचा आपोआप झालेला फायदा.

तुम्हाला तो मिळत नाही. दिवसभर दोन वर्षांच्या मुलांशी बोलायचं, संध्याकाळी पालकांशी दारातल्या दारात दोन मिनिटं. दमणूक शरीराची असते तशी मनाचीही असते, आणि सतत दुसऱ्याचं मूल सुखरूप ठेवायच्या काळजीने आलेली दमणूक झोपेनेही जात नाही. रात्री दचकून उठून खिडकीची जाळी लावली होती का, हे आठवणाऱ्या काकू मी ऐकल्या आहेत. त्यात जूनमध्ये मुलं शाळेत जातात. सात महिन्यांचं असताना आलेलं मूल तीन वर्षांनी एका शनिवारी पेढ्यांचा डबा देऊन निघून जातं. पहिलं पाऊल त्याने तुमच्या हॉलमध्ये टाकलेलं असतं. पुढच्या सोमवारी त्याच्या जागी नवीन रडणारं मूल येतं आणि तुम्ही झोळी बांधता. या विरहाबद्दल तुम्हाला कुणी विचारत नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी आईला रडू आलं तर सगळे समजून घेतात. तुम्ही रडलात तर ‘तुमचं थोडीच होतं’ म्हणतात.

कायद्याच्या नजरेत तुम्ही कोण आहात, हे मी शोधून पाहिलं. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तो दुसऱ्याच्या घरी जाऊन काम करणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही स्वतःच्या घरी काम करता. मातृत्व लाभाच्या तरतुदी आस्थापनेच्या पाळणाघराबद्दल बोलतात. तुमचं घर आस्थापना नाही. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडलेली पाळणाघरं आहेत. तुमची पाटी त्यात नाही. ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगारांची नोंद होते, तिथे स्वयंरोजगार करणारी म्हणून तुम्हाला नाव घालता येतं, आणि ज्यांचं वय ५९ पर्यंत आहे त्यांनी ते जरूर घालावं. पण तुमच्यापैकी कित्येक जणी साठीच्या पुढच्या आहेत. २०१९ ची श्रमयोगी मानधन पेन्शन योजना वयाच्या १८ ते ४० पर्यंतच उघडते. तुम्ही तर हे काम सुरूच करता चाळिशीनंतर, स्वतःची मुलं हाताशी आली की. योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तुम्ही कधी आलाच नाहीत, हे या वयांवरूनच कळतं.

तुमची आठवण सरकारला आणि वर्तमानपत्रांना आली ती २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये. खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली आणि सीसीटीव्हीतली ती दृश्यं घराघरांत पोचली. माझं रक्त तेव्हा गोठलं होतं, आजही आठवलं की गोठतं. पाळणाघरांची नोंदणी हवी, मदतीच्या बाईची पोलीस पडताळणी हवी, प्रथमोपचाराचं शिक्षण हवं, एकीकडे किती मुलं याला मर्यादा हवी; यातल्या एकाही गोष्टीला माझा विरोध नाही. तुमचाही नसतो, हे मला माहीत आहे. पण त्या घटनेनंतर आपल्याकडे सुरक्षिततेचा अर्थ फक्त कॅमेरा असा झाला. तुमच्या हॉलमध्ये कॅमेरा लागला, आणि तो हॉल तुमचं घरही आहे. तिथे तुमचे यजमान रात्रपाळी करून येऊन टेकतात, तुमची मुलगी केस विंचरते. कॅमेऱ्यात एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे एका बाईकडे नऊ मुलं आहेत कारण सहा मुलांत तिचं भागत नाही. मुलाची सुरक्षितता वाढवायची असेल तर तिला सहा मुलांत भागवता आलं पाहिजे आणि तिची झोप झाली पाहिजे. थकलेल्या माणसावर फक्त नजर ठेवून मूल सुरक्षित होत नाही.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि मूल शाळेत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची, हा विचार मांडला. पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकमेकांना जोडून चालवल्या. धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी बहीण घरी राहते, म्हणून तिची शाळा सुटते, हे त्यांनी पाहिलं होतं. एकीच्या शिक्षणाची वाट दुसऱ्याच्या पाळण्यावरून जाते, हे महाराष्ट्रात ऐंशी वर्षांपूर्वी कळलेलं होतं. तरी आपल्या शहरांतले पाळणे आज तुमच्या एकटीच्या जिवावर हलतात.

कोलंबियाचा आणखी एक दाखला देते. तिथे १९८० च्या दशकात सरकारने वस्त्यांमधल्या बायकांच्या घरांतच पाळणाघरं उघडली. या बायकांना ‘समाजमाता’ म्हटलं गेलं, पण पगार नव्हता, फक्त मानधन. कारण त्या आईपणाचं काम करतात, नोकरी नव्हे, असा समज. तो समज मोडायला त्यांना पंचवीस-तीस वर्षं लागली. मोर्चे झाले, खटले झाले, आणि २०१४ पासून त्यांच्याशी रीतसर करार होऊन किमान वेतन लागू झालं. आपल्याकडेही अंगणवाडी सेविका ‘मानद’ आहेत म्हणून त्यांना ग्रॅच्युइटी नाही, असं म्हटलं जात होतं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं. दोन्हीकडे त्या आधी एकमेकींना भेटल्या, मग मागायला गेल्या.

तुम्ही एकमेकींना भेटत नाही. शेजारच्या इमारतीतली काकू तुमची प्रतिस्पर्धी आहे असं तुम्हाला वाटतं, आणि पालकच ‘त्या पाचशे कमी घेतात’ सांगून ते वाटणं पक्कं करतात. माझी विनंती आहे की आधी तिच्याकडे जा. एका भागातल्या चार काकूंनी मिळून मेची फी, उशिराचे पैसे आणि ताप असलेलं मूल न घेण्याचा नियम एकच ठेवला, तर कुणाचंच मूल पळणार नाही. वर्षाला पंधरा दिवस पगारी रजा आणि बारा महिन्यांची फी एका कागदावर लिहा आणि जूनमध्ये नवीन मूल घेताना पालकांची सही घ्या. पालक म्हणून सांगते, ज्यांना तुम्ही हव्या आहात ते सही करतील.

आजारपणातल्या बदलीचं काम मात्र तुम्हा चौघींकडून मिळूनही पुरतं होणार नाही, कारण प्रत्येकीचा हॉल आधीच भरलेला असतो. ते महापालिकेचं आहे. महापालिकांत महिला व बालकल्याण समित्या आहेत, त्यांच्या कामासाठी अंदाजपत्रकात तरतूद असते. त्या पैशातून शिवणयंत्रं वाटली जातात, वाटावीत. पण त्याच पैशातून प्रत्येक प्रभागात दोन-तीन प्रशिक्षित बदली ताई पगारावर नेमता येतील. एरवी त्या आठवड्यातून एकदा तुमच्याकडे येऊन मुलांत बसतील, म्हणजे मुलांना ओळखीच्या होतील, आणि तुम्ही तेवढा वेळ बाहेर जाल. तुम्ही आजारी पडलात की तुमच्याच घरी येऊन त्या दार उघडतील. पाळणाघराची नोंदणी सरकारने जरूर करावी, आणि त्या नोंदणीच्या बदल्यात ही बदली द्यावी. ही मागणी पालकांनीच करायला हवी, आमच्या सह्यांनी, आमच्या नगरसेवकाकडे जाऊन. आमच्या भागात तो अर्ज मी लिहायला घेतला आहे.

त्या अर्जाला जोडायला एक गोष्ट तुमच्याकडून हवी आहे. दवाखान्यात जायचं होतं आणि जाता आलं नाही, तपासणी पुढे ढकलली, तापात दार उघडलं, कार्याला जाता आलं नाही. असा प्रत्येक दिवस स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा. दुधाचा हिशेब लिहिता तसाच, दोन शब्दांत. वर्षाअखेरीला ती पानं फाडून टाकू नका. तुमच्याकडे मूल ठेवणाऱ्या एखाद्या आईच्या हातात द्या आणि प्रभाग कार्यालयात जाताना तिच्याबरोबर चला.

आपली,
पाळणाघरात वाढलेल्या एका मुलीची आई